ओप्वातेक

भूपाल मगदूम छावणीच्या फाटकाशी माझी वाट बघत उभा होता. मला बघताच त्यानं डोक्यावरचा पटका सारखा केला आणि हाक मारली, “राजूताई! जय जिनेंद्र.”

राजूताई! माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा हा. एके काळी मी याला दाजी म्हणत असे. आता तीन वर्षं झाली, आमच्यात एक शब्द नव्हता.

“वळख हाय न्हवं?”

“आहे,” मी म्हटलं. “विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही.”

तो हसला. भूपालचं हसू पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. शुभ्र दात आणि गालाला खळी. त्या हसण्याला भुलूनच माझ्या वडिलांनी मुलगी दिली होती.

“तुझ्या बालवाडीच्या बाईला पोरांसाठी दूध पायजे म्हणं,” तो म्हणाला. “माझ्या गोठ्यात आता म्हशी मावंनात. तू त्यांची भाषा बोलतीस. एक शब्द टाक की माझ्यासाठी. जुनं काय असंल ते असू दे. आपण काय परके हाय?”

माझ्या मनात आलं, याच्या तोंडावर थुंकावं. पण मी मान खाली घातली, पायातली चप्पल बघितली आणि म्हटलं, “विचारून बघते.”

ही गोष्ट लढाई संपली त्या सालच्या थंडीतली. कोल्हापूरजवळ वळिवड्याला तेव्हा पोलंडच्या लोकांची छावणी होती. रशियनांनी घरादारातून उचलून बर्फाच्या मुलखात नेलेली आणि तिथून सुटून देशामागून देश ओलांडत आमच्या पंचगंगेकाठी येऊन पोचलेली माणसं होती ती. बहुतेक बायका आणि पोरं. ओळीनं लांबच लांब बराकी, आणि प्रत्येकीनं आपल्या दाराशी फुलझाडं लावलेली. बाईमाणसाला ते मानानं ‘पानी’ म्हणत. पानी अमुक, पानी तमुक. आमच्या गावच्या बायकांना हे ऐकून हसू आवरत नसे.

मी तिथल्या बालवाडीत मदतनीस होते. वय वीस. आमच्या जैन समाजात त्या वयाची मुलगी दोन पोरांची आई असायची. पण माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि दुसरं जमत नव्हतं. कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. राजमतीची बहीण वेडी आहे, आणि वेड रक्तात असतं.

चंदाक्का वेडी कशी ठरली, ते सांगते. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नव्हतं. एके दिवशी मगदुमांच्या मळ्यात कडब्याची गंजी पेटली. भूपालनं चार माणसांत सांगितलं, बायकोनं पेटवली, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, एकटीच बडबडते, उद्या घराला काडी लावील. आणि बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, तिचे हात कासऱ्यानं बांधून, उघड्या बैलगाडीत बसवून त्यानं तिला आमच्या दारात आणून सोडलं. बाजारातली यच्चयावत माणसं गाडीमागून चालत आली होती. मी ओट्यावर उभी होते. कासऱ्याची गाठ मला सुटेना, तेव्हा आईनं विळी आणली.

दोन महिन्यांत त्यानं अथणीकडची मुलगी केली.

हे इथं संपलं असतं तरी मी एक वेळ गिळलं असतं. पण पर्युषण संपलं की आमच्यात क्षमावणी असते. घरोघर जायचं, हात जोडायचे, म्हणायचं, ‘उत्तम क्षमा, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी.’ भूपाल दर वर्षी आमच्याही ओट्यावर यायचा. हसतमुखानं हात जोडायचा. आणि माझे वडील, देवभोळा माणूस, डोळ्यांत पाणी आणून उलट हात जोडायचे. आत माजघरात चंदाक्का तांदूळ निवडत असायची. तिला कुणी काही विचारत नसे. तो पायऱ्या उतरून जायचा तो धुतल्या तांदळासारखा होऊन.

दाराआडून मी ते तीनदा बघितलं. चौथ्यांदा बघायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

*

बालवाडी ज्यांच्या ताब्यात होती त्या पानी ब्रोनिस्वावांना मी ब्रोन्यामावशी म्हणे. त्यांनाही ते आवडायचं. पोलिश मी मोठ्यांकडून नाही, लहान मुलांकडून शिकले. नाक पुसता पुसता, गोष्टी सांगता सांगता, दोन वर्षांत माझी जीभ वळली. मावशी म्हणायच्या, “तू आमच्यासारखीच बोलतेस. फक्त पाच वर्षांच्या मुलीसारखी.”

भूपाल भेटला त्या दिवशी मावशी नाताळची तयारी करत होत्या. दोन लोखंडी पत्र्यांचा लांब दांड्याचा साचा विस्तवावर धरायचा, मधे मैद्याचं पातळ पीठ ओतायचं, दाबायचं. उघडला की आत कागदासारखी पांढरी, पापडापेक्षाही पातळ वडी. वर बाळ येशू आणि गाईगुरं उमटलेली. ना मीठ, ना साखर, ना तेल. फक्त मैदा आणि पाणी.

“याला ओप्वातेक म्हणतात,” मावशी म्हणाल्या. “नाताळच्या आदल्या संध्याकाळी, आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायच्या आधी हा मोडायचा. प्रत्येकानं प्रत्येकाच्या हातातला. ज्याच्याशी भांडण असेल त्याच्याकडे आधी जायचं.”

माझ्या कपाळाला आठी पडली. “म्हणजे क्षमा मागायची? तुमच्यातही हे आहे?”

“का? तुला आवडलं नाही?”

“आमच्यातही आहे. फुकटात मिळते.”

मावशींनी साचा खाली ठेवला. माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “आमच्यात फुकटात मिळत नाही. शब्दातच आहे ते. आमच्या भाषेत ‘ओप्वाता’ म्हणजे मोल चुकतं करणं, फेड. ओप्वातेक म्हणजे छोटीशी फेड. ज्याचं जे केलंय ते आधी फेडायचं, मग मोडायचं. माझी आजी असंच सांगायची.”

“मुलीला चुकीचं शिकवू नका, पानी ब्रोनिस्वावा.” दारात फादर उभे होते. छावणीचे पाद्री, उंच, वाकलेले, बोलायला फार मऊ. वड्यांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडायला आले होते. “शब्द लॅटिनमधून आलाय. ओब्लातुम. म्हणजे पुढे ठेवलेलं, अर्पण केलेलं. आधी देवापुढे, मग माणसापुढे. ‘ओप्वाता’शी त्याचं काही नातं नाही. कानाला सारखा लागतो, एवढंच.”

ते पाणी शिंपडून गेले. मावशींनी पुन्हा साचा उचलला.

“फादरांना लॅटिन येतं,” त्या म्हणाल्या. “मला माझा शेजारी माहीत आहे.”

तो शेजारी मला ऐकून माहीत होता. सैनिक आले तेव्हा शाळामास्तरांचं, म्हणजे मावशींच्या नवऱ्याचं, घर कुठलं ते त्यानं बोटानं दाखवलं. मावशी मुलीला कडेवर घेऊन गाडीत चढत होत्या, तेव्हाच तो त्यांच्या खिडकीचे पडदे काढून घेत होता. ती मुलगी तिकडंच, बर्फात राहिली.

“तो आज इथं आला आणि त्यानं ओप्वातेक पुढे केला, तर?” मी विचारलं.

“तर मी म्हणेन, आधी बोल. काय केलंस ते माझ्याकडे बघून, सगळ्यांसमोर बोल. मग मोडीन.”

“आणि नाही बोलला तर?”

“तर हातात धरून उभा राहू दे. त्याचा हात गळून पडेपर्यंत.”

विस्तवावर साचा चरचरला. मी पीठ ढवळत ढवळत, अगदी सहज विचारावं तसं विचारलं, “मावशी, त्या संध्याकाळी तुम्ही एक ताट रिकामं ठेवता ना? अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी?”

“ठेवतो.”

“मग या वर्षी दूधवाल्याला बोलवू का? मोठा बागायतदार आहे. मुलांसाठी दूध द्यायचं म्हणतो.”

मावशींना आनंद झाला. माझ्या बहिणीचं मी त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही.

गावात जाऊन मी भूपालला निरोप दिला. आणि परत येताना हौसाबाईच्या झोपडीशी थांबले. हौसाबाई छावणीत धुणं धुवायला यायची. गावात तिच्या कानावर एखादी गोष्ट घातली की दवंडीची गरज उरत नसे.

“हौसाबाई, परवा सांजच्याला पोरांचं नाटक आहे. पोरांना पंख बांधायचेत. येशील?”

“पंख? कशाचं गं बाई?”

“देवदूतांचं. पडद्यामागं बसायचं. गोडधोड मिळेल. सुनेला आणि जावेलाही आण.”

*

पहिली चांदणी खिडकीशी बसलेल्या मुलांनी बघितली आणि एकच गिल्ला केला. बालवाडीच्या मोठ्या खोलीत टेबलं जोडून लांब पंगत मांडली होती. पांढऱ्या चादरींखाली थोडं थोडं वाळलं गवत पसरलेलं. एका टोकाला मुलांच्या नाटकाचा मंच, त्याला निळा पडदा. पडद्यामागून कुजबुज आणि खुदखुद ऐकू येत होती. मंचालगतच ते रिकामं ताट मांडलं होतं. जागा मीच निवडली होती.

भूपाल वेळेवर आला. इस्त्रीचा कोट, जरीकाठी धोतर, एका हातात दुधानं भरलेली पितळी चरवी. त्यानं सगळ्यांना वाकून नमस्कार केला. बायकांना तो बघताक्षणी आवडला. भूपाल कुणालाही बघताक्षणी आवडायचा.

“हे गवत कशापायी?” खाली बसत त्यानं मला विचारलं.

“त्यांचा देव गोठ्यात जन्मला.”

“मग मी बरोबर जागी आलोय की!” तो हसला. मी ते मावशींना सांगितलं, त्याही हसल्या.

फादरांनी प्रार्थना म्हटली. मग सगळे उठले आणि ओप्वातेक वाटले गेले. जो तो ज्याच्या त्याच्याकडे जाऊ लागला. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून माणसं हलक्या आवाजात काही बोलत, मग एकमेकांच्या हातातला तुकडा मोडून घेत. काहींचे डोळे वाहत होते. लढाई संपली होती, पण परत जायला त्यांचा गाव त्यांचा उरला नव्हता, रशियाकडे गेला होता, हे त्या वर्षी सगळ्यांना कळून चुकलं होतं.

मावशी हातात अख्खा ओप्वातेक घेऊन भूपालसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्याच्याही हातात एक दिला होता. त्यानं तो उजेडात धरून बघितला.

“ह्यात अंडं-बिंडं?”

“नाही. मैदा आणि पाणी.”

“पण दीस मावळला. मी आता तोंडात काय घालत न्हाई.”

अंधारात एखादी मुंगी तोंडात जाईल म्हणून हा माणूस दिवसाउजेडी जेवत होता.

“खायचा नाही,” मी म्हटलं. “नुसता मोडायचा. पण मोडायच्या आधी बोलावं लागतं.”

“काय बोलायचं?”

“आपण कुणाचं वाईट केलं, काय केलं, ते. त्या माणसाचं नाव घेऊन. अशी त्यांची रीत आहे. बघा ना, सगळे तेच करतायत.”

त्यानं खोलीभर नजर फिरवली. खरंच, जिकडेतिकडे तेच चाललं होतं असं वाटत होतं. त्यानं घसा खाकरला, हात जोडले आणि म्हणाला, “उत्तम क्षमा. कळत-नकळत...”

“हे नाही. हे तुम्ही दर वर्षी आमच्या ओट्यावर म्हणता.”

“मग?”

“चंदाक्काचं बोला.”

त्याचं हसू हललं नाही. ओठ तसेच ठेवून, दातांतल्या दातांत त्यानं विचारलं, “आणि न्हाई बोललो तर?”

“तर मी बाईंना सांगेन की पाहुण्याला आपली रीत मान्य नाही. दूध माघारी न्या.”

मावशी वाट बघत उभ्या होत्या. त्यांना वाटत होतं, मी पाहुण्याला काय करायचं ते समजावून सांगतेय. भूपालनं पुन्हा एकदा सगळीकडे बघितलं. निळे डोळे, पिंगट केस, परक्या भाषेची गुणगुण.

“हितं मराठी कुणाला येतं?”

“यांतल्या कुणालाच नाही. ‘किती’ आणि ‘महाग’, एवढंच येतं यांना.”

“तुला एकदा माझ्या तोंडनं ऐकायचं हाय, एवढंच न्हवं?” तो म्हणाला. “ऐक मग. जीव थंड कर.”

आणि त्यानं हात जोडले. जोडलेल्या बोटांत तो पांढरा ओप्वातेक होता. मावशींकडे बघून तो गोड हसला, आणि आशीर्वाद द्यावा तशा सुरात बोलू लागला.

“तुझी भैन येडी न्हवती. गंजी म्या पेटवली. अथणीकडची सोयरीक आलती, आन् पहिलीत खोट असल्याबिगर पाव्हणं दुसरी द्यायला तयार न्हवतं. हात म्याच बांधलं, गाडीत घालून बाजारातनं म्याच आणलं. एकदाबी वरडली न्हाई बघ ती, नुसती माझ्या तोंडाकडं बघत हुती. झालं? आता सांग तुझ्या बाईला, पाव्हण्यानं पोरांचं भलं चिंतलं म्हणून.”

मी मागे सरले, बाकावर चढले. बालवाडीतली सगळी मुलं एका हाकेत गोळा करायचा जो माझा आवाज होता, तो लावला.

“पाहुणे बोलले ते सांगते,” मी पोलिशमध्ये म्हटलं. खोली हळूहळू शांत झाली. “ते म्हणतात, माझी पहिली बायको या मुलीची बहीण.”

मी थांबले. भूपालनं हसून मान लववली.

“ते म्हणतात, ती वेडी नव्हती. कडब्याला आग मी लावली आणि तिच्यावर आळ घेतला.”

भूपालनं डावीकडे वळून नमस्कार केला.

“ते म्हणतात, मला दुसरं लग्न करायचं होतं. म्हणून मी तिचे हात बैलाच्या दोरीनं बांधले, तिला गाडीत घातलं आणि गावाला दाखवत तिच्या आईच्या दारात नेऊन टाकलं.”

भूपालनं उजवीकडे वळून नमस्कार केला. त्याचे हात अजून जोडलेलेच होते, गालाला अजून खळी होती.

माझ्या आयुष्यात मी अनेक गोष्टी बघितल्या. दोन मुलांची लग्नं बघितली, नातवंडं बघितली. पण डोळे मिटले की अजूनही सगळ्यात आधी दिसतो तो प्रत्येक वाक्याला मान लववणारा भूपाल.

मग त्याला ती शांतता ऐकू आली.

मावशींनी पुढे केलेला ओप्वातेक मागे घेतला. अगदी सावकाश तो टेबलावर ठेवला. मला म्हणाल्या, “त्याला विचार, गाडीला छप्पर होतं का?”

“बाई विचारतायत,” मी भूपालला म्हटलं, “गाडीला छप्पर होतं का?”

“काय?”

“तुम्ही चंदाक्काला ज्या गाडीतनं आणलं, तिला छप्पर होतं का?”

तेव्हा ते हसू गेलं. पापुद्रा निघावा तसं निघून गेलं, आणि खाली जे होतं ते अगदी साधं होतं. घाबरलेला, घामेजलेला एक माणूस.

“आम्हालाही गाडीत घालून नेलं,” मावशी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, आणि मी एकेक शब्द मराठीत त्याच्या कानात ओतला. “पण माझ्या कडेवर माझी मुलगी होती. माझे हात कुणी बांधले नव्हते.” त्यांनी पायाशी ठेवलेली चरवी उचलली आणि त्याच्या हातात दिली. “आमच्या मुलांना हे दूध नको.”

चरवीतलं दूध हिंदकळून त्याच्या कोटावर सांडलं. तो माझ्याकडे वळला.

“काय सांगितलंस तू ह्यास्नी?”

“तुम्ही बोललात तेच.”

“कोण इस्वास ठेवणार हाय तुझ्यावर? ह्या गोऱ्या बायका जाऊन गावात सांगणार हायत? गावात माझा शबूद चालतो. येडीची भैन तू, तुझं कोण...”

निळा पडदा सरकला. हौसाबाई बाहेर आली. तिच्या एका हातात कागदाचे पंख होते, बोटांना खळ लागली होती. मागून तिची सून आणि जाऊ डोकावत होत्या.

“म्या ठेवीन की इस्वास, मालक,” हौसाबाई म्हणाली. “हितंच हुते. सगळं आइकलं.” आणि सुनेकडे वळून म्हणाली, “आइकलंस न्हवं गं?”

सुनेनं पदर दातात धरला आणि मान डोलावली.

कुणी त्याला शिवी दिली नाही. कुणी बोट लावलं नाही. बायकांनी आपापले झगे आवरून घेतले आणि त्याला दारापर्यंत वाट करून दिली. लागत होती त्यापेक्षा कितीतरी रुंद. त्या वाटेनं तो चरवी सांभाळत गेला.

*

मुलांचं नाटक उशिरा का होईना, झालं. ते चालू असताना फादर माझ्या शेजारी येऊन बसले.

“तू त्याला सांगितलंस की ही आमची रीत आहे? मोडण्याआधी सगळ्यांसमोर कबुली द्यायची?”

“हो.”

“अशी रीत नाही, मुली. मी त्या दिवशी सांगितलं होतं. ओब्लातुम. तो द्यायचा असतो. कुणाकडून वसूल करायचा नसतो.”

“फादर, आमच्या भाषेत नवस फेडतात,” मी म्हटलं. “देवापुढे नारळ ठेवायचा तोही फेडायचाच असतो. उट्टंही फेडतातच. मला तुमच्या शब्दात फरक दिसला नाही.”

“पण देवाला तो दिसतो.”

“मग देव बघून घेईल.”

आपल्या हातातला ओप्वातेक त्यांनी माझ्यापुढे धरला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते रागावलेले नव्हते, पण समाधानीही नव्हते. धरून बसले होते, एवढंच. मी एक कोपरा मोडून घेतला. दिवस केव्हाच मावळला होता. जन्मात कधी मी दिवे लागल्यावर अन्नाचा कण तोंडात घातला नव्हता. त्या संध्याकाळी घातला. त्याला मीठ नव्हतं, साखर नव्हती, चवच नव्हती. बोटाला चिकटलेला चुरासुद्धा मी सोडला नाही.

रात्री मावशींच्या खोलीत झोपले आणि सकाळी उजाडताच गावची वाट धरली. माझ्या आधी हौसाबाई पोचली होती. वेशीपासूनच मला ते कळत होतं. पाणवठ्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या आणि मी पुढे गेल्यावर दुप्पट जोरानं बोलू लागल्या. देवळापाशी पाटलांनी मला थांबवलं आणि विचारलं, “खरं हाय?” मी म्हटलं, “हौसाबाईला विचारा.” ते म्हणाले, “विचारलं. तिघींनाबी येगयेगळं विचारलं.” आणि त्यांनी बाजूला होऊन मला वाट दिली. अथणीकडच्या सासऱ्याला निरोप गेलाय, हेही तिथंच कळलं. पुढे तो गाडी घेऊन आला आणि आपली मुलगी आणि नातू घेऊन गेला. म्हणाला, गंजी पेटवणाऱ्याच्या घरात नांदवायला मला मुलगी जड झालेली नाही.

घरी वडील ओट्यावर बसून होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आपला धर्म क्षमेचा, राजू,” ते म्हणाले. “त्यानं दर वर्षी येऊन हात जोडले होते. मी क्षमा केली होती.”

“कशाबद्दल, अण्णा?”

“म्हणजे?”

“कशाबद्दल क्षमा केली होती? त्यानं काय केलं म्हणून सांगितलं होतं तुम्हाला?”

अण्णांनी खांद्यावरच्या उपरण्यानं चेहरा पुसला.

मी आत गेले. आई चुलीपाशी होती. चंदाक्का माजघरात जात्यापाशी बसली होती, हात खुंट्यावर, पण जातं थांबलेलं. तिला कुणी काय सांगितलं होतं, किती सांगितलं होतं, कळायला मार्ग नव्हता. मी समोर बसले.

“तो बोलला?” तिनं विचारलं.

“बोलला.”

“काय बोलला, तसंच्या तसं सांग.”

मी सांगितलं. त्याच्याच शब्दांत, त्याच्याच सुरात. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“हसत बोलला?”

“हसत.”

“हात जोडून?”

“हात जोडून. आणि मी पोलिशमध्ये सांगायला लागले तर त्याला वाटलं, मी त्याची स्तुती करतेय. मी एक वाक्य बोलले की तो वाकून नमस्कार करायचा. असा. इकडे एक, मग तिकडे एक.”

मी करून दाखवलं. चंदाक्काचे ओठ हलले. आधी मला वाटलं, ती रडणार. मग तिच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला, खूप दिवस न फिरवलेल्या रहाटासारखा, आणि ती हसली.

“परत कर,” ती म्हणाली.

मी परत केलं. आता ती खदखदून हसू लागली. मान मागे टाकून, मांडीवर थापा मारत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तो आवाज माजघरातून ओट्यावर गेला, ओट्यावरून गल्लीत गेला. चुलीपासून आई धावत आली. तिचा चेहरा भीतीनं पांढरा पडला होता.

“चंदे, हळू! अगं हळू! लोक काय म्हणतील? पुन्हा म्हणतील...”

आणि तिनं पीठ लागलेला हात चंदाक्काच्या तोंडावर दाबून धरला.

चंदाक्कानं तो हात धरला, तोंडावरून काढला, आपल्या मांडीवर नीट ठेवला आणि हसत राहिली.